पुढच्या पावसाळ्याची उंडी याच मे महिन्यात रुजवा

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक,
पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायती

विषय: पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) लावायच्या झाडांबाबत

सप्रेम नमस्कार.

मे महिना निम्मा सरला की तुमच्या मासिक सभेत झाडांचा विषय निघतो. जूनमध्ये पर्यावरण दिन, १ जुलैपासून वनमहोत्सव, त्याआधी खड्डे मारायचे आणि रोपं आणायची. मग कुणीतरी जवळच्या रोपवाटिकेत फोन लावतं. तिथे सुरूची रोपं तयार असतात, गुलमोहर असतो, हल्ली शोभेचे पाम असतात. टेम्पो येतो, खड्डे भरतात, फोटो निघतात. या सगळ्या यादीत उंडी, आपल्याच किनाऱ्यावरचं मूळचं झाड, कधी नसते. अनेक वर्षं मला वाटायचं की उंडी कुणाला आवडत नसेल, किंवा माहीत नसेल. पण कारण त्याहून साधं आहे. उंडीचं रोप जुलैत हवं असेल तर आदल्या वर्षीच्या मे महिन्यात बी पेरलेलं असावं लागतं, आणि मेमध्ये आपण त्याच जुलैचा विचार करत असतो. म्हणून हे पत्र या जुलैसाठी नाही, पुढच्या जुलैसाठी आहे, आणि आजच लिहिते आहे.

मी दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावात राहते. नारळ-सुपारीचं आगर आहे, त्याच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) पुळण आणि पुढे समुद्र. गडग्याला लागून उंडीची चार झाडं होती, आता तीन आहेत. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ती एवढीच होती, असं त्या सांगायच्या.

३ जून २०२०ची दुपार तुमच्यापैकी रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कुणाला विसरता येणार नाही. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड-दापोलीलाही त्याने तसंच झोडपलं. आमच्या सुपाऱ्या मधूनच पिचकल्या. माड मुळांसकट उलटले. पुळणीवरच्या सुरूंच्या रांगा तर संध्याकाळी बाहेर येऊन पाहिलं तेव्हा रांगा उरल्याच नव्हत्या. एकेक झाड आडवं आणि त्याच्या मुळांची थाळी घराच्या दारासारखी उभी. वाळूत ती मुळं किती उथळ गेली होती ते त्या दिवशी पहिल्यांदा उघड्यावर दिसलं.

उंडीच्या फांद्या मोडल्या. पानं तर अशी ओरबाडली गेली की झाडं भाजल्यासारखी दिसत होती. पण चारांतली तीन जागची हलली नाहीत. महिन्याभरात त्यांना पोपटी पालवी फुटली. चौथी पडली, आणि का पडली तेही सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी पाण्याच्या पाइपासाठी तिच्या एका अंगाला चर खणला होता आणि त्या बाजूची सगळी मुळं तोडली होती. ती त्याच बाजूला, मुळं नसलेल्या अंगाने उपटली गेली.

सुरूवर माझा राग नाही. उघड्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात तो भराभर वाढतो, जळण देतो, वाळू धरतो. ज्या काळात काहीतरी हिरवं लवकर उभं करायचं होतं त्या काळात त्याने काम केलं. पण तो आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचा. त्याच्या सुयांचा थर एवढा जाड पडतो की खाली दुसरं काही रुजत नाही. मग एका वयाचे, एका जातीचे सुरू एका रांगेत उभे राहतात आणि एका वादळात एकत्र जातात. आमच्या गावात वादळानंतर त्या मोकळ्या जागी पुन्हा सुरूच लागले, कारण जुलैत तेच मिळाले.

उंडी ही आपल्याच किनाऱ्याची. हिंदी महासागराच्या आणि पॅसिफिकच्या काठाने जिथे जिथे उष्ण पुळण आहे तिथे तिथे ती आहे, आणि तिथे ती बरीचशी स्वतःच्या पायांनी गेलेली आहे. तिचं फळ समुद्रात तरंगतं. आतल्या कठीण कवचाला आतून बुचासारखा थर असतो, त्यामुळे ते बुडत नाही. लाटेने काठाला टाकलं की तिथे रुजतं. उरलेलं काम वटवाघळं करतात. रात्री ती फळ उचलून नेतात, वरचा पातळ गर खातात आणि बी कुठल्यातरी आंब्याखाली टाकतात. आमच्या विहिरीपाशी उगवलेलं रोप कुणी लावलेलं नाही.

संस्कृतात तिला पुन्नाग म्हणतात. लिनियसने १७५३ साली तिला जे शास्त्रीय नाव दिलं, कॅलोफायलम, त्याचा अर्थ सुंदर पान. कधी एक पान तोडून सूर्यासमोर धरा. मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा इतक्या बारीक, इतक्या जवळजवळ आणि इतक्या समांतर की पैठणीच्या पोताची आठवण व्हावी. जाड, चकचकीत, खाऱ्या फवाऱ्याने न करपणारं पान. नागचाफा आणि सुरंगी ही तिची सख्खी भावंडं, कोकम चुलत घरातलं. सुरंगीच्या वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, आपण मुंबईपर्यंत बाजारपेठ दिली, कोकमाला सरबताच्या बाटलीत मान दिला, आणि ही थोरली बहीण मात्र दाराबाहेर राहिली.

फुलाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमची झाडं थंडीत फुलतात, काही वर्षी पावसाच्या तोंडावर पुन्हा एकदा. कळी म्हणजे पांढरा टपोरा मोती. उजाडताना ती उघडते. पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात आणि मधे पिवळ्याधमक केसरांचा झुबका. त्या झुबक्यात नीट पाहिलंत तर एक गोल, गुलाबी मणी दिसतो. ते उद्याचं फळ. वास सुरंगीसारखा अंगावर येणारा नाही, हलका गोड आहे, वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. सकाळी सातच्या सुमाराला झाडाखाली उभं राहिलं तर वर मधमाश्यांचा एकच घुमारा असतो. फुलं केसांत माळली तर पाकळ्या लवकर गळतात, म्हणून आमच्याकडे बायका ती माळत नसत, परडीत घेऊन देवाला वाहत. झाडाखालच्या वाळूवर पडलेला सडा सासूबाई झाडू देत नसत. "उन्हं वर येईपर्यंत राहू दे," म्हणायच्या.

त्यांच्या लहानपणी घरात दिवा उंडेलाचा, म्हणजे उंडीच्या बियांच्या तेलाचा असायचा. खायला हे तेल चालत नाही, विषारी आहे, कडू आहे, धूरही करतं. पण सांधे धरले, खरूज झाली, बैलाच्या खांद्याला जखम झाली की तेच. होडीच्या फळ्यांना तेच लावायचं, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. त्या तेलाची गंमत मला सासूबाईंनी दाखवली. उंडी ताजी फोडलीत तर आतला गर पांढुरका, कोरडा असतो, त्यातून तेलाचा थेंब निघत नाही. नवखा माणूस म्हणेल, यात काही नाही. तोच गर उन्हात महिना-दोन महिने वाळवला की तो तपकिरी होतो, चिकट होतो, बोटाला तेल लागायला लागतं. वाळलेल्या गरात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल भरतं. मग घाण्यावर न्यायचं. हिरवट, दाट, उग्र वासाचं तेल. गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली, तिच्या पर्समध्ये चेहऱ्याला लावायच्या तेलाची बोटभर बाटली होती. 'तामानू' लिहिलेलं, कुठल्यातरी दूरच्या बेटांचं चित्र वर. तिने झाकण उघडलं आणि मला थेट सासूबाईंच्या पडवीचा वास आला. तामानू म्हणजे ताहितीकडची उंडीच. तिने त्या बाटलीला जे पैसे मोजले होते त्यात आमच्या घाणेवाल्याने वर्षभराचं तेल काढून दिलं असतं. आता तो घाणाही नाही आणि घाणेवालाही नाही.

आणि शिट्ट्या! उंडीचं टणक कवच जांभ्या दगडावर घासत बसायचं, भोक पडेपर्यंत. मग तारेने आतला गर कोरून काढायचा आणि ओठाला लावून फुंकायचं. आमच्या शाळेत एकेकाच्या खिशात चार-चार असायच्या. आता मुलांना उंडी म्हणजे काय ते दाखवावं लागतं.

आता तक्रार. गाव सांगत नाही, कारण जे त्या गावात झालं ते कुठल्याही गावात होऊ शकतं. तिथे धक्क्याजवळ एक उंडी होती. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, फांद्या पाण्याकडे झुकलेल्या. तिच्या सावलीत खारवी लोक जाळी शिवत बसायचे, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका लिलावाची वाट बघायच्या. पर्यटनाच्या सुशोभीकरणाचं काम आलं. आधी बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा झाला, त्यात दोन फूट माती भरली. मग पेव्हर ब्लॉक बसले. वर्षा-दीड वर्षात शेंड्याकडची पानं पिवळी पडली, तेव्हा झाड धोकादायक ठरलं आणि कापलं. मी गेले तेव्हा बुंध्याच्या कापावरून पिवळसर चिकट चीक ओघळत होता, त्यावर माश्या बसत होत्या. जाळी शिवणारे दोघं बाजूला उन्हात, डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते. आता तिथे गावाच्या नावाची रंगीत अक्षरं आणि फोटो काढायची चौकट आहे. सावली नाही, म्हणून चार वाजेपर्यंत तिथे कुणी थांबत नाही.

त्या कापणीत कुणी कायदा मोडला असंही म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यात ज्या झाडांची यादी आहे त्यात साग आहे, आंबा-फणस आहे, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ आहे, कांदळवन आहे. उंडी नाही. कांदळवनाचं महत्त्व आपल्याला उशिरा का होईना पटलं, २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मानही मिळाला. खाडीच्या चिखलाला रखवालदार मिळाला. पुळणीच्या रखवालदाराचं नाव अजून कुठल्या कागदावर नाही. तो कागद तुम्ही करू शकता. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीची समिती आहे, लोक जैवविविधता नोंदवही आहे. ती नोंदवही बऱ्याच ठिकाणी कुणीतरी बाहेरून येऊन भरून गेलेलं आहे. कपाटातून काढा, आणि गावातल्या प्रत्येक जुन्या उंडीची जागा, बुंध्याचा घेर आणि कोणाच्या जमिनीत आहे ते लिहा. एका रविवारचं काम आहे, शाळेतली मुलं आनंदाने करतील. मग ग्रामसभेत ठराव घ्या की यातलं कुठलंही झाड सभेसमोर विषय आल्याशिवाय तोडलं जाणार नाही, बुंध्याभोवती मातीचा भराव आणि कट्टा होणार नाही, आणि झाडाखाली कचरा जाळला जाणार नाही. शेवटच्या गोष्टीवर मी मुद्दाम जोर देते. उंडी वारा सोसते, खार सोसते, पायात भरतीचं पाणी आलं तरी काही काळ सोसते. आग मात्र तिला सोसत नाही. पुळणीवरचा प्लास्टिक कचरा गोळा करून झाडाच्या आडोशाला पेटवायची जी पद्धत पडली आहे, तिने वादळाहून जास्त उंड्या मारल्या असतील असं मला वाटतं.

आता रोपांचं. मी बारा वर्षं घरामागच्या परड्यात उंडीची रोपं करते. माझ्या चुकांतून जे शिकले ते सांगते.

पडलेली फळं उचलायची, झाडावरची तोडायची नाहीत. साल पिवळसर किंवा तपकिरी झालेली, हाताला भरीव लागणारी निवडायची. कानाशी हलवून पाहा, आत खुळखुळा वाजला तर ते बी जुनं झालंय, बाजूला ठेवा, दिव्याच्या तेलाला होईल. वरचा गर सोलून टाका. पहिल्या वर्षी मी कवचासकट पेरली आणि दीड महिना रोज पाणी घालून काहीच दिसेना म्हणून पिशव्या उलटून टाकल्या. उकरलं तर निम्म्यांना नुकते मोड आले होते. मग कळलं की घाई माझी होती. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी याचं मोजमाप करून ठेवलं आहे. कवच तसंच ठेवलं तर उगवायला सरासरी ५७ दिवस, कवचाला तडा दिला तर ३८, आणि कवच पूर्ण काढलं तर २२. माझाही अनुभव त्याच्या आसपास आहे. मी तडा देते. लहान हातोडीने, बी कापडात धरून, हलक्या हाताने. पूर्ण कवच काढलेल्या गराला मुंग्या आणि उंदीर फार लवकर शोधतात. तडा दिलेलं बी एक रात्र पाण्यात ठेवायचं आणि वाळू-माती-शेणखताच्या मिश्रणात दोन बोटं खोल पेरायचं. सावली पूर्ण नको, माडाच्या झावळीची कवडशांची सावली हवी. पावसात पिशवीत पाणी तुंबू देऊ नका.

रोप पुढच्या जूनपर्यंत पिशवीत ठेवा. पाच-सहा महिन्यांचं रोप लावता येतं, पण मग ते लागतं दिवाळीनंतर, आणि पुढे आठ महिने कोरडे. वर्षभराचं, लाकूड धरलेलं रोप पहिल्या सरीबरोबर लावलं तर त्याला चार महिने फुकटचं पाणी मिळतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक-दोनदा पाणी द्यावं लागेल आणि गुरांपासून राखावं लागेल. त्यासाठी लोखंडी जाळीचा खर्च लागत नाही, वादळात पडलेल्या सुपारीच्या खोडाच्या चिरलेल्या पट्ट्यांचं कुंपण पुरतं. तिसऱ्या वर्षी ते तुमच्याकडे काही मागत नाही. फळाला सातव्या-आठव्या वर्षी येतं. उंडी सावकाश वाढते हे खरं आहे, आणि हे मी लपवत नाही. तुमची मुदत पाच वर्षांची आहे, झाड त्याहून मोठ्या हिशेबाचं आहे. पण पाचव्या वर्षी ते सरपंचाच्या डोक्याहून उंच असेल एवढं मी खात्रीने सांगते.

कुठे लावायची ते महत्त्वाचं आहे. भरतीच्या रेषेला लागून नको. ती जागा मर्यादवेलीची. नावच सांगतं, समुद्राची मर्यादा ती. तिच्या जांभळ्या फुलांच्या मागे केवडा, आणि त्याच्याही मागे, जिथे वाळूची टेकाडं स्थिर झालेली आहेत तिथे उंडी, तिच्या जोडीला भेंड आणि करंज. रांगेत नको, विखरून लावा. वेळास, आंजर्ले आणि पुढे खाली सिंधुदुर्गापर्यंत ज्या पुळणींवर कासवं अंडी घालायला येतात, तिथे समोरची उघडी वाळू उघडीच राहू द्या. तिथे उंडीसुद्धा लावू नका. झाडाच्या प्रेमापोटी कासवाची जागा घेणं मला मान्य नाही.

रोपं करायला बचत गटाच्या बायका आहेत. पाचशे पिशव्यांना पडवीएवढी जागा पुरते. या महिन्यात तुम्ही त्यांना लेखी सांगितलंत की पुढच्या जूनमध्ये पंचायत तुमच्याकडून एवढी रोपं या दराने घेईल, तर रोपं तयार होतील. तोंडी सांगितलंत तर होणार नाहीत, कारण गेल्या खेपेला आमच्याकडे दोनशे रोपं वाढवून झाली आणि ऐन वेळी टेम्पो सुरूचाच आला. ती रोपं आम्ही लग्न-बारशाला वाटून टाकली. त्यातली काही आज लोकांच्या परड्यात छान उभी आहेत, पण पुळण मोकळीच राहिली.

आमच्या तीन झाडांखाली सध्या फळांचा सडा पडतो आहे. रोज सकाळी मी टोपलीभर उचलते. पडवीत आत्ता सहा टोपल्या आहेत, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवल्यात. पाऊस सुरू झाला की त्या आपोआप मोड टाकायला लागतील आणि मग नेता-आणताना मोड मोडतात. तेव्हा दापोली-मंडणगडच्या पंचायतींनी मृगाच्या आधी माणूस पाठवावा, बरोबर गोण आणावी. बाकीच्यांनी आपल्याच वाडीत कुठल्यातरी म्हातारीला विचारावं की आपल्याकडे उंडीण, म्हणजे उंडीचं झाड, कुठे आहे. तिला माहीत असेल.

आपली,
दापोली तालुक्यातली एक आगरवाली